मागची सीट

प्रविणने चटईचा कोपरा उचलला, खालचा पत्रा नखाने खरवडला आणि बोट नाकाशी नेलं. गंज नाही, ओलीचा वास नाही. मग तो पाठीवर झोपून गाडीखाली शिरला. तुषार बॉनेट उघडून केव्हाचा इंजिन ऐकत उभा होता आणि त्याच्या तोंडावर हळूहळू हसू पसरत होतं. ते हसू प्रविणला मुळीच आवडलं नाही.

“काय सापडलं?” त्याने खालूनच विचारलं.

“तीच तर गंमत हाय. कायपण नाय.”

वाणगावजवळची ती वाडी होती. चिकूच्या सावलीत उभी असलेली पांढरी वॅगन आर चांगली जुनी होती, पण तिचं वय विचारल्याशिवाय कळलं नसतं. मालकीण आनंदीबाई ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. भाव त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकला होता, आणि तो इतका कमी होता की प्रविण लगेच गाडीत खोट शोधायला लागला होता. दुधाने तोंड पोळलेल्या माणसाला ताक थंड लागलं तरी भीतीच वाटते.

तुषार म्हणजे उधव्याच्या नाक्यावर गॅरेज चालवणारा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. भातकापणी उरकल्यापासून दोघं गाड्या बघत हिंडत होते. तलासरीतली एक चालू केली तर मागे कढई तापल्यासारखा निळा धूर. डहाणूतली एक नवरीसारखी नटलेली. तुषारने दारावर टिचकी मारली आणि हसला, आत पत्र्यापेक्षा पुट्टीच जास्त. एकीचा मीटर इतका कमी दाखवत होता की मालकाने ती बहुधा देव्हाऱ्यात ठेवली असावी. पैसे तर काय, कंपनीतल्या ओव्हरटाइमचे आणि त्याच्या बायकोच्या, रूपीच्या, चांदीच्या गोठांचे आले तेवढेच. एवढ्यात गाडी मिळते, तुषार म्हणायचा, पण ती चालेल असं कोणी लिहून देत नाही.

प्रविणला तर फक्त चालणारीच हवी होती. रंग उडालेला चालला असता, काच फुटकी चालली असती. रूपीला सातवा महिना लागला होता. मागच्या खेपेला कळा सुरू झाल्यावर त्याने पाड्यावरची जीप बोलावली होती. सेलवासच्या दवाखान्याच्या वाटेवर, चढावर, ती बंद पडली. धक्का मारून मारून माणसं थकली, आणि मूल तिथेच आलं, न रडता आलं. त्यानंतर रूपी त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. ती शिव्या देती तर बरं झालं असतं, असं प्रविणला कितीदा वाटे.

तुषार गाडी घेऊन रस्त्याला चक्कर मारायला गेला, तेव्हा आनंदीबाईंनी सूप बाजूला सारलं.

“बस रे इथे. भाव कमी का, ते विचारलं नाहीस.”

“विचारणारच व्हतो, मावशी.”

“आमचे हे गेले त्या गाडीत. मागच्या सीटवर. छातीत दुखायला लागलं म्हणून जतीन त्यांना वापीला नेत होता. जतीन माझा मुलगा, मुंबईला असतो. तो म्हणतो, आई, तू गप्प बस, सांगायची काय गरज? दोन गिऱ्हाइकं ऐकून परत गेली.” त्या थांबल्या. “तू कोणासाठी घेतोस?”

“बायकोसाठी. ती... दोन जिवांची हाय.”

आनंदीबाईंनी डोळे मिटून घेतले. तिसरंही गिऱ्हाईक गेलं, असं त्यांना वाटलं असणार.

प्रविणच्या डोळ्यांपुढे त्याची आई, जिवली, उभी राहिली. तिचा कायदा साधा होता: ज्या खाटेवर माणूस गेला तिच्यावर पोटुशी बाई बसत नाही. मग सीट म्हणजे तरी काय, चाकं लावलेली खाटच. तिला कळलं असतं तर तिने गाडी पाड्याच्या वेशीवरूनच माघारी धाडली असती.

“घेतो,” तो म्हणाला.

“घे. पण ती बसण्याआधी तिला सांग. मला शब्द दे.”

शब्द द्यायला काय लागतं? त्याने दिला.

चार दिवसांनी सगळं उरकलं आणि प्रविण एकटाच गाडी घेऊन निघाला. गाडी चालली ती अशी की तक्रारीला जागाच ठेवली नाही. चढावर दम खाल्ला नाही, खड्ड्यांत कुरकुर केली नाही. गाडी कुठे तरी खोकली असती तर रूपीला सांगायला निमित्त तरी झालं असतं, असा वेडा विचार त्याच्या मनात आला. आरशात मागची सीट दिसत होती. आंबेसरी मागे पडल्यावर त्याने आरसा वर वळवला. उधवा येईपर्यंत त्याने मनाशी ठरवूनही टाकलं की सांगायचं नाही. म्हातारीला कोण जाऊन सांगणार आहे?

पाड्यावर जिवली नारळ आणि कुंकू घेऊन उभीच होती. पोरं बॉनेटला हात लावून बघत होती. रूपी कुडाच्या भिंतीला टेकून होती. तिने गाडीभोवती एक फेरी मारली, अगदी सावकाश, आणि मागच्या दाराला हात घातला.

“बस गं, तुझ्यासाठीच आणली,” जिवली म्हणाली.

“थांब,” प्रविण ओरडलाच. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. “आई, चाकाखाली लिंबं...”

“तू आणली नाय? कसला रे तू!” जिवली पुटपुटत शेजारच्या घराकडे निघाली. प्रविणने पोरांनाही तिच्यामागे पिटाळलं.

मग तो रूपीजवळ गेला. काय बोलायचं ते त्याने जुळवलं नव्हतं.

“या गाडीत त्यांचा म्हातारा मेला. या सीटवर. मना तुला सांगायचं नव्हतं.”

रूपीने दारावरचा हात काढून घेतला.

“कुठं नेत व्हते?”

“वापीला. दवाखान्यात.”

“वाटेत बंद पडली?”

“नाय. कुठंच नाय. दवाखान्याच्या फाटकात जाऊन उभी राहिली, तिथं त्याने जीव सोडला. पाच मिनिटं आधी निघाले असते तर... असं कायतरी मावशी बोलली. तुला नको तर परत देतो. तुषारला सांगतो, दुसरी बघू.”

रूपी सीटकडे बघत राहिली. सीट स्वच्छ होती, तिच्यावर बघण्यासारखं काही नव्हतं.

“त्याला फाटक तरी दिसलं,” ती म्हणाली.

प्रविणने गाडीच्या टपावर हात टेकला. इतक्या महिन्यांत तो जे ऐकायला घाबरत होता ते हेच होतं, आणि ते तिने किती हळू आवाजात म्हटलं.

पलीकडून जिवली लिंबं घेऊन येताना दिसली. रूपीने दार उघडलं, पोट सांभाळत आत शिरली आणि सीटच्या मधोमध बसली.

“आईला सांगू नको,” ती म्हणाली. “लिंबं फुटली का चल. सेलवासला ने मना.”

“आत्ता? दुखतंय काय?”

“नाय दुखत. दवाखान्याचं फाटक बघून येऊ.”