रुसलेले तीन पूर्वज

नारिन शहराजवळच्या आमच्या गावात सभागृह खच्चून भरलं होतं. दाराशी मेंढ्यांची रांग आणि आत संगणकासमोर पांढऱ्या टोपीतला एसेनकुल बाबा. बाबाने फुंकर मारली, काचेवर बोट टेकलं, आणि कोऱ्या चौकटींत तीन मेलेल्या माणसांची नावं उमटली. बाया हुंदके देऊ लागल्या. एक मेंढी बाबाच्या गाडीत चढली.

आमच्याकडे लग्नाआधी दोन्ही घरांचे सात पूर्वज तपासतात. एक जरी समान निघाला, तरी मुलगा-मुलगी भावंडं ठरतात आणि लग्न मोडतं. यंदा वंशावळी संगणकावर घातल्या, तर प्रत्येकाचे चार पूर्वज दिसत आणि पुढचे तीन कोरे!

"रुसलेत. मटणाचा वास आल्याशिवाय यायचे नाहीत," असं बाबाचं निदान. तो वास त्याच्याच घरी दरवळायचा. संगणक बंद करून पुन्हा लावला की पूर्वज पुन्हा रुसत आणि पुन्हा मेंढी लागे. इतके खादाड पूर्वज मी जन्मात पाहिले नव्हते.

त्या दिवशी एमिल आणि बेगिमायचं लग्न ठरायचं होतं. बेगिमाय आमच्या शाळेत संगणक शिकवते. दोघांचेही शेवटचे तिघे कोरे. एमिलच्या आजोबांनी, साग्यन म्हाताऱ्यांनी, चष्मा पुसून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"हाही कोरा, तोही कोरा! म्हणजे पूर्वज एकच. अरे, तुम्ही भाऊबहीण निघालात की!"

"मग सगळं गावच भावंडं, आजोबा. तुम्ही आणि आजीसुद्धा," बेगिमाय म्हणाली.

आजी चटकन दोन हात लांब सरकून बसली.

"इथे मेंढीने भागणार नाही," बाबा डोळे मिटून म्हणाला. "रक्त वेगळं करायचंय. घोडी लागेल!"

एमिल घोडी आणायला उठलाच. बेगिमायने त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं. "गुमान बस. आज घोडी दिलीस, तर बारशाला हा उंट मागेल."

ती संगणकापाशी गेली. फुंकर नाही, मटण नाही. एमिलच्या पणजोबांच्या नावावर नुसतं बोट टेकलं. तिघे हजर!

"बाबा गुपचूप इथेच बोट टेकतो," ती म्हणाली. "हा ऑब्जेक्ट डेटाबेस आहे. यात माणसं एकमेकांचे हात धरून ठेवल्यासारखी असतात. मुलाने बापाचा हात धरलेला, बापाने आजोबांचा. एकाला बोलावलं तर सगळं खानदान धावून येईल, म्हणून हे पाच जणांवर थांबतं. एमिल आणि चार पूर्वज झाले पाच. बाकीचे आतच आहेत, फक्त कुणी हाक मारलेली नाही. पणजोबांपासून मोजलं की पुढचे येतात."

तिने पाचाच्या जागी आठ लिहिलं. दोघांचेही साती पूर्वज ओळीने उभे राहिले. एकही समान नव्हता. एमिल आनंदाने ओरडलाच. बाबा मागच्या दाराने निघाला, पण मेंढ्यांनी वाट अडवली होती.

बेगिमाय आजोबांकडे वळली. "आजोबा, पडद्याकडे न बघता सांगा, तुमच्या बापापासून मागची पाच नावं?"

"जुमाश, केरिमकुल, चोको, बायतुर, तिनिबेक," म्हाताऱ्यांनी एका दमात म्हटलं. पडद्यावर हीच नावं होती.

"पाठ होती? मग बोलला का नाहीत?"

"पडद्यावर कोरं दिसलं ना, पोरी," ते खाली बघत म्हणाले. "मला वाटलं, मलाच चुकीचं शिकवलं असेल."

सभागृहातल्या प्रत्येकाला आपापले सात पूर्वज लहानपणापासून पाठ होते. तरी आम्ही मेंढ्या घेऊन रांगेत उभे! माझं एवढंच सांगणं आहे: चमत्कार दिसला की आधी विचारा, हे झालं कसं? आणि जे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, ते मोठ्याने बोला.