सहा जणांचा थाळा

तांब्याचा एक जुना थाळा आहे मी, मित्रांनो. सहा जण भोवती बसतील एवढा मोठा. पुण्याच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं आणि सादूनभाईंनी रहाटणीला आणलं. सादूनभाई मूळचे बगदादचे. पुण्यात शिकायला आले, इथेच रमले आणि त्यांनी एक साधंसुधं इराकी हॉटेल काढलं. प्लास्टिकच्या खुर्च्या, कुरकुरणारा पंखा आणि होडीच्या आकाराचे गरम पाव.

माझ्यात भाताचा डोंगर रचायचे. त्यावर मटणाची अख्खी तंगडी, तळलेले बदाम, बेदाणे. सोबत आंब्याचं लोणचं. त्याला तिकडेही 'अंबा'च म्हणतात हे ऐकून गिऱ्हाइकं खूश व्हायची. ताटं मात्र मिळायची नाहीत. "आमच्याकडे थाळा एकच, सगळ्यांचा हात त्यातच," असं सादूनभाई सांगायचे. नवखी माणसं आधी नाक मुरडायची आणि मग बोटं चाटायची.

गुरुवारी कंपनीला सुट्टी. त्या दिवशी चाकणच्या एका कारखान्यातले सहा मित्र दुपारी जेवायला यायचे. त्यांतले बुद्धरत्न आणि रणजीत तर जिवाभावाचे. बुद्धरत्न संत तुकाराम नगरचा, वडीलही कामगारच. रणजीत इथल्याच जुन्या शेतकरी घरातला. मऊ मटण तोडून तो बुद्धरत्नच्या पुढ्यात सरकवायचा. "खा भावा, मशीन तू शिकवलंस मला." हे ऐकलं की मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा. मूर्खच होतो मी.

पुढे रणजीतला बढती मिळाली. त्याने घरच्यांसाठी जेवण ठेवलं आणि बुद्धरत्नलाही बायको आणि मुलीसह बोलावलं. मुलगी स्वरूपा आठ वर्षांची. एकाच थाळ्यात सगळे जेवतात ही गंमत बघायला तिने महिनाभर बापाचं डोकं खाल्लं होतं. नवा फ्रॉक घालून, दोनदा हात धुऊन ती माझ्यासमोर बसली.

मग रणजीतचे वडील अर्जुनराव आले. हॉटेलचा गाळा त्यांचाच. त्यांनी बुद्धरत्नला नाव विचारलं, घर कुठलं ते विचारलं आणि सादूनभाईंना म्हणाले, "ह्या तिघास्नी येगळ्या ताटात वाढा. आमच्यात असलं चालत न्हाई."

बगदादच्या माणसाच्या हातचं मात्र त्यांना चालत होतं बरं का!

सादूनभाई हळूच म्हणाले, "अर्जुनराव, आमच्याकडे थाळा एकच असतो."

"गाळा आमचा हाय नव्हं?"

सादूनभाई मुकाट ताटं शोधायला आत गेले. सगळ्यांचे डोळे रणजीतकडे लागले. त्याने नुकताच पहिला घास घेतला होता. तो चावत राहिला. किती वेळ चावला, देव जाणे! शेवटी गिळून म्हणाला, "भावा, तुम्ही ताटातच घ्या ना. वहिनींचा हात पुरत नाही, सोयीचं पडेल."

स्वरूपाच्या बोटांत एक बेदाणा होता. "पप्पा, तुम्ही तर म्हणाला होता, इथं सगळे एकत्र जेवतात."

बुद्धरत्नने पुढे केलेला हात मागे घेतला. त्याची बायको भाग्यश्री उठली. "माझा हात चांगला लांब आहे, भाऊजी. तुमचीच जीभ आखूड पडली."

स्वरूपाने बेदाणा परत भातात ठेवला. तिघं निघून गेले. उरलेल्यांनी मला चाटूनपुसून साफ केलं. लाज मला वाटली, त्यांना नाही.

नंतर रणजीत बुद्धरत्नच्या घरी जाऊन आला. सादूनभाईंना सांगत होता, "त्याने बसवलं, चहा दिला. मी माफी मागितली, तर म्हणाला, साखर बरोबर आहे ना?" बुद्धरत्न पुन्हा आला नाही. हळूहळू बाकीचेही यायचे थांबले. आता हॉटेलात ताटं आली आहेत. मी भिंतीवर टांगलेला असतो आणि लोक माझ्याशेजारी उभं राहून सेल्फी काढतात.

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी शेवटी 'आम्हाला जपा' म्हणायची रीत आहे. मला जपू नका. खुशाल मोडीत घाला. पण तुमच्या मित्राला कुणी तुमच्यादेखत पंगतीतून बाजूला काढू लागलं, तर तोंडातला घास तिथेच थुंका आणि बोला. गिळून होईपर्यंत थांबलात, तर तुम्हीही त्यांच्यातलेच.