साखळी म्हणून लिहिलेला आवाज

धक्क्याच्या कामावर तिला सगळे साखळीबाई म्हणत. समुद्रतळात खांब ठोकायचं काम चालू होतं आणि पाण्यात सोडलेल्या माईकचे आवाज हेडफोन लावून ऐकत बसणं, ही तिची नोकरी. घणाच्या दणक्याने किलर व्हेलना इजा होते, म्हणून त्यांची हाक आली की घण थांबवायचा, असा नियम होता. पहिल्याच आठवड्यात तिने दोनदा नांगराच्या गंजक्या साखळीची करकर हाक समजून घण थांबवला. चाळीस माणसं तासभर हातावर हात ठेवून बसली, आणि हे नाव तिला चिकटलं.

मग ऐकण्याचं काम बघणाऱ्या मॅडमनी तिला शेजारी बसवून शिकवलं. "साखळी लाटेबरोबर करकरते, तिला कुणी ओ देत नाही. व्हेल हाक मारते, थांबते, मग लांबून दुसरी ओ देते. घाई करू नकोस."

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी पाण्यात कायम चालणाऱ्या कोळंब्यांच्या तडतडीमागून हाक आली. बिजागरी कुरकुरावी तशी सुरू झाली आणि शेवटी वर चढली. मग शांतता. मग लांबून ओ. तिला स्वच्छ कळलं. घण थांबवायला सांगण्यासाठी हात फोनकडे गेलाही. पण खिडकीबाहेर घणवाला तिच्याकडेच बघून हसत होता. तिने हात मागे घेतला आणि नोंदीत लिहिलं: साखळी. घण आणखी वीस मिनिटं चालला. ओ पुन्हा आली नाही.

कुणाला पत्ता लागला नाही. तिलाच दोन दिवस घास गिळवेना.

दोन महिन्यांनी नवी शिकाऊ आली, निवृत्त नर्स. तिला सगळे सिस्टर म्हणत. जुन्या नोंदींतले वीस आवाज मॅडमनी न ऐकता, यादी बघूनच निवडले आणि परीक्षा घेतली. आवाज लावायचं काम साखळीबाईकडे होतं. चौदाव्याची तारीख पडद्यावर दिसली, ती त्याच दुपारची होती. तरी तिने तो लावला.

हेडफोनमधून ऐकून सिस्टर म्हणाल्या, "किलर व्हेल. दोन आहेत."

मॅडमनी यादी पाहिली. "नाही, साखळी."

"असं होय? मला ओ ऐकू आल्यासारखी वाटली." सिस्टरनी वहीतलं उत्तर खोडलं. "वय झालं. कान दगा द्यायला लागले आता."

"सिस्टर बरोबर आहेत," साखळीबाई म्हणाली. "मी खोटं लिहिलं होतं. मला तेव्हाच कळलं होतं."

मॅडमनी हेडफोन लावून तो आवाज तीनदा ऐकला.

"का लिहिलंस?"

"हसतील म्हणून."

मॅडमनी हेडफोन काढून ठेवले. "तुझ्या साडेआठशे नोंदी आहेत," त्या म्हणाल्या. "आता सगळ्याच पुन्हा ऐकायला हव्यात."

मॅडम आणि साखळीबाई, दोघींनी नऊ दिवस बसून त्या ऐकल्या. दुसरी खोटी निघाली नाही. वर कळवलं गेलं. सहा महिने तिला एकटीने ऐकायला बसू दिलं नाही.

त्या वर्षी तिथे पुन्हा हाक नोंदली गेली नाही. "घणामुळेच असं नाही म्हणता येत," मॅडम म्हणाल्या, "यंदा मासळीही कमी होती." ते खरंही असेल. साखळीबाईने मान डोलावली, पण तिचं समाधान काही झालं नाही.