सेलेस्तीन पुलाखालून जाते

"मागे घे, वहिनी, मागे! डोकं फुटेल!"

सुकाणूच्या चाकाच्या माथ्यावर मी झाडूचा दांडा पुढे काढून आडवा धरला होता. तो वार्नेकूरच्या पुलाच्या दगडाला टेकला आणि कडकन मोडला. वहिनीने इंजिन उलटं फिरवलं. बोटीचा पुढचा सगळा भाग, म्हणजे तीस-पस्तीस मीटर लोखंड, पुलाखालून पलीकडे गेला होता. आम्ही दोघी मात्र शेपटाकडे, अलीकडे. बोट थरथरली, थांबली. मी उरलेला दांडा घेऊन माप काढलं.

"किती अडतंय?" वहिनीने विचारलं.

"एक मूठ. माझी नाही, तुझी."

वहिनीची मूठ म्हणजे काय ते मला विचारा. चौतीस वर्षं बोटीचं चाक धरलेली मूठ आहे ती.

चाकाच्या केबिनचं छत आणि काचा आम्ही सकाळीच उतरवून ठेवल्या होत्या. आता सगळ्यात उंच उरलं होतं ते हे लाकडी चाक. ते काढलं तर बोट हाकायची कशाने? वरच्या डोंगरात चार दिवस पाऊस पडलेला, नदी फुगलेली. कालवा असता तर दारं उघडून पाणी उतरवता आलं असतं. पण इथे कालवा संपतो आणि दोन गावांपुरती नदीच वापरावी लागते. नदीला कोण सांगणार खाली हो म्हणून?

आणि बोट रिकामी. रिकामी बोट पाण्यावर उंच चढून बसते. भरलेली असती तर या पुलाखालून टोपी घालून गेलो असतो.

मी ओदेत. फेर्नांची, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याची, धाकटी बहीण. जन्मले याच बोटीवर, 'सेलेस्तीन'वर. नाव आमच्या आईचं. अठराव्या वर्षी मी जमिनीवर उतरले, बेकरीवाल्याशी लग्न केलं आणि परत पाण्याकडे बघितलं नाही. फेर्नां फेब्रुवारीत गेला. बोट एकट्या माणसाला चालवू देत नाहीत, म्हणून या वयात मी दोर फेकत होते, आणि कंबर मला दर तासाला शिव्या देत होती.

आमच्यात बायको चाक धरते आणि नवरा दोर सांभाळतो. तरी मालक कोण, तर नवरा! धक्क्यावर कुणी आलं की चाकाजवळच्या बाईला विचारतं, "मालक कुठेत?" फेर्नां गेल्यावर सगळे धरूनच चालले की बोटही गेली. भाच्याने, वहिनीच्याच मुलाने, रेजिसने, तर गिऱ्हाईकही आणलं. पॅरिसचा एक दातांचा डॉक्टर. त्याला बोटीत घर करायचं होतं, मालाच्या जागी दिवाणखाना.

वहिनी रेजिसला एवढंच म्हणाली, "मला एक फेरी करू दे. हुकली तर विकते."

बोटवाल्यांना माल वाटून देतात त्या हॉलमध्ये ती पुरुषांच्या रांगेत उभी राहिली. तिथे पाळीने फेऱ्या पुकारतात. तिची पाळी आली तेव्हा पुकारली गेली ती बिअरच्या जवांची फेरी. सोमवारी सकाळी कोठाराच्या धक्क्यावर हजर. नाही पोचलात तर माल पुढच्याला, आणि तुम्ही रांगेच्या शेपटाला. शेपूट म्हणजे दोन महिने. तिने हात वर केला.

आणि आज रविवार, दुपार, आणि आम्ही एका मुठीसाठी अडकलेल्या.

"बोटीच्या पोटात पाणी भरूया," मी म्हणाले. "पंप आहे की."

"वन्सं, उद्या त्यात जव पडायचेत. तळाच्या लाकडाला ओल दिसली तर कोठाराचा माणूस उभंसुद्धा करणार नाही."

खरंच होतं. गेले तीन दिवस आम्ही ते पोट झाडून, पुसून, गुडघ्यांवर बसून कोरडं केलं होतं. जेवायचं ताटही इतकं स्वच्छ नसतं.

तेवढ्यात काठावरून आवाज आला, "अहो बाई! हलणार आहात की इथेच राहायला आलात?"

मी वळून पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. सबंध काठ गळवाल्यांनी भरलेला. मासेमारीची स्पर्धा! प्रत्येकाची घडीची खुर्ची, छत्री, अळ्यांचे डबे. आणि आमच्या बोटीच्या पंख्याने नदीचा तळ ढवळून कॉफीसारखं पाणी केलेलं. ओरडणारा त्यांचा अध्यक्ष होता, वातले. छातीवर बिल्ला, आणि पोट तर असं की आधी पोट पोचतं, मग वातले.

"तासाभरात एक मासा नाही लागला!" तो ओरडला. "वर्षभर वाट बघतो आम्ही या दिवसाची!"

"मग आम्ही काय हौसेने थांबलोय का, हो?" मी ओरडले. "पूल उचलून धरा, लगेच जातो!"

"बायकांच्या हातात बोट दिली की असंच व्हायचं!" मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला. माझी तर अशी तळपायाची आग मस्तकात गेली! दांडा फेकून मारणार होते, पण वहिनीने माझा दंड धरला. ती काठाकडे बघत होती. एकेकाकडे. गाय विकत घेताना बघतात तसं.

"वन्सं," ती हळूच म्हणाली, "किती असतील?"

"चाळीसेक. का?"

तिने बोट मागे घेतली, काठाला लावली, आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"वातलेसाहेब, तुम्हाला मी इथे नकोय. बरोबर?"

"अगदी बरोबर!"

"मलाही इथे राहायचं नाही. मग चढा बोटीवर. सगळे."

काठावरचे सगळे गळ सोडून तिच्याकडे बघायला लागले.

"सगळे शेपटाकडे उभे राहिलात तर बोट मागून मूठभर दबेल. मी पुलाखालून जाईन, तुम्हाला पलीकडे उतरवीन, आणि नदी तुमची. नाहीतर पाणी उतरेपर्यंत मी इथेच. मधून मधून इंजिन चालवावं लागेल, हो. गंजतं ते."

मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. चौतीस वर्षांत मी तिला एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. बोलायचा तो फेर्नां.

वातलेचा चेहरा लाल झाला, मग त्याला हसू फुटलं. "बाई, तुम्ही वस्ताद आहात. चला रे!"

"थांबा!" वहिनी गरजली. "बूट काढून. चिखलाचा एक थेंब आत पडला तर मी आयुष्यातून उठेन. अळ्यांचे डबे काठावर. आणि सिगारेट विझवा."

मग जे झालं ते बघायला फेर्नां हवा होता. चाळीस दांडगे बाप्ये, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट काठावर ओळीने मांडून, पायमोज्यांवर शिडी उतरत होते. मोजेही असे, की एकेकाचा अंगठा बाहेर जग बघत होता. मी शिडीपाशी फडकं घेऊन उभी. "पाय पूस. तू पण. आईने काही शिकवलंय का नाही?" ज्याने मघाशी बायकांचा उद्धार केला होता, तो आवाजावरून कळलाच. त्याचे मी दोनदा पुसायला लावले.

पोटात मागच्या भिंतीला ते दाटीवाटीने उभे राहिले. त्यांच्याबरोबर आलेल्या बायका आमच्या शेपटाकडच्या खोलीत पलंगावर बसल्या. मी माप घेतलं.

"अजून थोडं, वहिनी! थोडंसंच!"

"कोण राहिलंय?"

राहिला होता वातले. शिडीला घाबरत होता बिचारा. चौघांनी खालून धरलं, मी वरून ढकललं. तो भिंतीला टेकला आणि, देवाशपथ सांगते, बोट खाली बसलेली माझ्या तळव्यांना कळली.

"आता हलायचं नाही कुणी," वहिनी म्हणाली. "खोकायचंसुद्धा नाही."

इंजिन हळू धडधडू लागलं. बोट पुलाखाली शिरली. दगडाचा गारवा अंगावर आला. वहिनीने चाक दोन्ही हातांनी धरलं, वाकून, गाल जवळजवळ लाकडाला लावून. वर कमान सरकत होती, दगडामागून दगड. पाणी भिंतींवर आपटत होतं आणि प्रवाह बोटीचं तोंड डावीकडे ओढत होता. तिने चाक अगदी थोडं फिरवलं, पुन्हा थोडं परत. मी तोंडावर हात दाबून धरला. चाकाचा माथा आणि दगड यांच्यामधून कागद गेला असता. दोन कागद नसते गेले.

मग डोक्यावर आभाळ आलं.

"गेली!" मी किंचाळले. "गेली, गेली!"

काय ओरडले सगळे! पोटातून तो आवाज असा घुमला की पुलावरची कबुतरं उडाली. वातलेने माझा मुका घेतला, त्याच्या बायकोसमोर. कुणीतरी वाइनची बाटली काढली, वहिनीने लगेच दम दिला, "आत नाही! वर!" मघाचा तो उद्धार करणारा टोपी हातात घेऊन चाकापाशी आला. "मालकीणबाई," म्हणाला, "माझा बापही कोळशाची बोट चालवायचा. त्याला हे जमलं नसतं." वहिनीने मान डोलावली. मग ती बोट काठाला लावायला वळली.

उतरल्यावर सगळ्यांना आठवलं, बूट पुलापलीकडे. चाळीस जणांची वरात पायमोज्यांवर, वाटेवरचे खडे चुकवत, हात हलवत परत निघाली.

सोमवारी सकाळी धुकं होतं. धक्क्यावर रेजिस उभा होता आणि त्याच्याबरोबर दातांचा डॉक्टर, हातात मोजमापाची फीत घेऊन. आईला कसं समजवायचं याची तयारी करूनच आला असणार तो. धुक्यातून सेलेस्तीन निघाली तेव्हा त्याचं तोंड उघडं राहिलं.

"आई? तू पोचलीस?"

"दोर धर," वहिनी म्हणाली. "आणि त्या साहेबांना बाजूला कर. कपड्यांवर भुसा उडेल."

कोठाराचा माणूस पोटात उतरला, लाकडावरून तळहात फिरवला, तळहात पाहिला. मग वर न बघताच ओरडला, "सोडा!" जव धो धो कोसळू लागले. सोनेरी धूळ उठली आणि बोट हळूहळू, मान तुकवल्यासारखी, खाली बसत गेली. डॉक्टर थोडा वेळ थांबला, मग फीत गुंडाळून निघून गेला. रेजिसने त्याला थांबवलं नाही.

दुपारी आम्ही निघालो. भरलेली सेलेस्तीन पाण्याला चिकटून चालत होती, काठ आमच्या नाकाच्या उंचीवर. वहिनी चाकापाशी उभी होती. मग मी पाहिलं तर तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. फेर्नांला पुरलं त्या दिवशीही ती रडली नव्हती. दोन्ही हात चाकावर, पुसणार कशाने? मी रुमाल घेऊन पुढे झाले.

"राहू द्या, वन्सं," ती म्हणाली. "वळण आलंय."

भरलेली बोट सावकाश वळते. तिने आधीपासूनच चाक फिरवायला घेतलं.