पहिल्या वजनाला ‘लाभ’

मी काटा बोलतोय. पायात मोडणारा नव्हे. मुकुटबनजवळच्या एका गावात, अंगणवाडीच्या आढ्याला टांगलेला, बाळांची वजनं करणारा. गोल चेहरा, एक सुई, खाली आकड्याला कापडी झोळी. पोरं मला बघताच भोकाड पसरायची. मी त्यांचं काय घोडं मारलं होतं?

अंगणवाडीच्या दीपाताई मला पुसताना माझ्याशी बोलायच्या. त्यांच्या लहानपणी याच गावात कापूस मोजायला लालसिंग मापारी यायचा. तोच त्यांचा हिरो. आधी रिकामा काटा सगळ्यांना दाखवायचा. पहिल्या वजनाला ‘एक’ म्हणायचा नाही, ‘लाभ’ म्हणायचा. मग दोन, तीन.

"मले बी मापारी व्हाचं होतं रे," त्या हसायच्या. "अन् झाली काय, तर अंगणवाडीची बाई!"

एका सकाळी मथुराबाई नातीला घेऊन आली. पायल वर्षाची होत आलेली, पण अंगावर मूठभर मांस नाही. वजन करून तिला तातडीनं दवाखान्यात धाडायला हवं होतं. झोळी दिसताच आजीनं तिला पदराखाली घेतलं.

"लेकरू हाय माह्यं, कापसाचं बोचकं नोहे. तोलल्यानं दृष्ट लागते."

दीपाताईंनी समजावलं, रागावूनही पाहिलं. म्हातारी उठून निघालीच. मला भीती वाटली, ही पोर पुन्हा दिसेल का?

तेवढ्यात दीपाताईंनी रिकामी झोळी तिच्यापुढे धरली. "माय, सुई शून्यावर हाय, पाहून घे. आज पायल पहिली हाय. पहिल्या वजनाले मी एक नाही म्हणत, लाभ म्हणतो."

म्हातारी थबकली. "लालसिंग म्हणे तसं?"

"तसंच."

पायल झोळीत बसली. सुई थरथरली, फार खालीच थांबली. "लाभ!" दीपाताई म्हणाल्या, आणि स्वतःचाच आवाज ऐकून चकित झाल्या. इतकी वर्षं त्या मापारीच तर होत्या! त्यांना हसू आलं आणि रडूही. दुपारच्या एसटीनं आजी-नात पांढरकवड्याच्या दवाखान्यात गेल्या.

आता आकडे दाखवणारं नवं यंत्र आलंय. मी कपाटात पडून असतो. परवा दप्तर पाठीला लावून पायल डोकावून गेली, चांगली गुटगुटीत. मला ओळखलं नाही. असू दे.

बायांनो, यंत्रं खुशाल बदला. फक्त वजनाच्या दिवशी कपाटाचं दार थोडं उघडं ठेवा. पहिलं लेकरू यंत्रावर बसतं, दीपाताई म्हणतात, "लाभ!" तेवढं मला ऐकू आलं, की गंज चढला तरी माझी तक्रार नाही.