रनअवे नावाची कॅरावॅन

मित्रांनो, जीपच्या मागे जोडून ओढत नेतात ते चाकांवरचं घर तुम्ही पाहिलं असेल. त्याला कॅरावॅन म्हणतात. तशीच एक मी, आता बरीच जुनी झालेली. कुवेतमध्ये राई भागात, गॅरेजांच्या गर्दीतल्या एका आवारात माझा मुक्काम असतो.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. पत्रे ठोकले, आत दोन पलंग, एक शेगडी आणि एवढंसं बेसिन बसवलं. सगळ्यात शेवटी एका माणसाने माझ्या पाठीवर लाल अक्षरांत नाव चिकटवलं, ‘रनअवे’. म्हणजे पळून गेलेली. मला तर इंजिनच नाही! कुणी ओढल्याशिवाय मी वीतभरही हललेली नाही.

आमच्या कुळात सगळ्यांची नावं अशीच. माझ्या डावीकडे उभी असते तिच्या नावाचा अर्थ चक्रीवादळ. तिचं एक चाक दोन हिवाळे बसलेलं आहे. उजवीकडची म्हणजे एकांडा लांडगा; तिच्या खिडक्यांना गुलाबी झालरीचे पडदे! आमची देखभाल करणारे नझीरभाई मूळचे दाभोळचे. आम्हाला धुताना ते या नावांचे अर्थ लावत आणि एकटेच हसत. “काय गो पळपुटे, पाणी थंड लागतंय?” असं ते मला विचारत.

आमचे म्हातारे मालक अबू तलाल; नझीरभाई त्यांना ‘बाबा’ म्हणत. माझं नाव आवडलं म्हणूनच त्यांनी मला बोटीने मागवलं होतं. गिऱ्हाइकांनाही ते आवडे. हिवाळ्यात इथली कुटुंबं वाळवंटात तंबू ठोकून राहतात, तेव्हा माझी मागणी फार. मुलं माझ्यापाशी उभी राहून फोटो काढत. मी मनातून फुगून जाई.

अशाच एका हिवाळ्यात सुलैबियाच्या एका कुटुंबाने मला महिनाभर नेलं. त्यांच्यासोबत स्वयंपाकाला असमा नावाची बाई होती. पहाटे सगळ्यांच्या आधी ती माझी शेगडी पेटवी आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर माझ्या पायरीवर बसून जेवी. पाण्याची टाकी भरायला नझीरभाई आले, तेव्हा तिचं स्वतःशीच चाललेलं बोलणं ऐकून थबकले.

“कुठली गो तू?”

“श्रीवर्धनची. तुम्ही आपल्याकडचे?” तिचा चेहराच उजळला. “आठ महिने झाले, कुणाशी आपल्या भाषेत बोलले नाय.”

नझीरभाईंनी तिला राईतल्या आवाराचा पत्ता सांगितला आणि ते टाकी भरून निघून गेले.

पुढे दीड वर्ष गेलं. एका शुक्रवारी दुपारी आवारात सामसूम होती. नझीरभाई नमाजाहून परतले आणि माझं दार उघडून पाहतात तो काय, असमा आत खाली बसलेली. अंगावर घरातलेच कपडे, पायात दोन वेगळ्या चपला.

“कचरा टाकायला म्हणून निघाले, ती टॅक्सी करून हितंच आले,” ती म्हणाली. “दोन वर्षांचा करार संपून दोन महिने झाले, नझीरभाई. मॅडम सोडत नाय. पासपोर्ट त्यांच्याकडे, फोन काढून घेतला. माझा जिब्रान सात वर्षांचा झाला. मी आले तेव्हा तो पाचाचा पण नव्हता.”

नझीरभाई घाबरले. घरातून निघून आलेल्या कामवालीला आसरा देणं इथे गुन्हा ठरू शकतो. त्यांची नोकरी, व्हिसा, सगळंच पणाला लागलं असतं. त्यांनी आधी तिला पाणी दिलं. तेवढ्यात फाटकातून अबू तलालांची गाडी आत आली.

मालक आणि नझीरभाई हिंदी-अरबीच्या खिचडीत बोलत. मी तुम्हाला सरळ मराठीत सांगते.

“ही कोण? हारिबा?” अबू तलालांनी विचारलं. हारिबा म्हणजे पळून आलेली.

नझीरभाईंना ‘माहीत नाही, आपोआप आत शिरली’ असं म्हणता आलं असतं. ते म्हणाले, “बाबा, पत्ता मी दिला होता. करार संपलेली बाई आहे. तिला मुलाकडे जायचंय.”

“माझ्या आवारात पोलीस आले तर?”

नझीरभाईंनी माझ्या पाठीकडे बोट केलं. “हे नाव गाडीवर असलं की लोक कौतुकाने बघतात, बाबा. बाईवर असलं की कुणी तिचं ऐकूनसुद्धा घेत नाही. तुम्ही एकदा ऐकून घ्या.”

अबू तलाल माझ्या पायरीवर बसले, आणि असमाने सगळं सांगितलं. नझीरभाई मधे मधे अरबीत समजावत होते. ऐकून झाल्यावर म्हाताऱ्याने गाडीची किल्ली उचलली. “चल मुली. तुमच्या देशाच्या वकिलातीत मी स्वतः येतो. तुझ्या मालकाशीही मीच बोलेन. नझीर, तूही बस.”

तिचा निकाल काही एका दिवसात लागला नाही. दीड महिना ती वकिलातीच्या आसऱ्याला होती. तिच्या मालकाने आधी पळून गेल्याची तक्रार केली. अबू तलाल तीनदा त्याच्या दिवाणखान्यात जाऊन बसले, तेव्हा कुठे तक्रार मागे घेतली गेली आणि पासपोर्ट मिळाला.

मागच्या रमजानात तिचा व्हिडिओ कॉल आला. नझीरभाई माझ्याच सावलीत बसले होते. तिच्या मागे एक मुलगा दारातून डोकावला. “अम्मी, बोलणं झालं का?” असं त्याने विचारलं, आणि तिने निरोप न घेताच फोन ठेवला. नझीरभाई कितीतरी वेळ त्या काळ्या पडद्याकडे पाहून हसत होते.

मित्रांनो, माझे पत्रे आता गंजलेत. या हिवाळ्यात मला कुणी नेईल की भंगारात काढतील, ठाऊक नाही. त्याबद्दल माझं काही मागणं नाही. पण तुमच्या घरी कुणी कामाला येत असेल, तर त्यांना आज एवढंच विचारा, “तुम्हाला घरी कधी जायचंय?” आणि उत्तर मिळेपर्यंत त्यांच्यापाशी थांबा.