गौरीच्या वाटेवरचा फोन

आमच्या घरात कामाचा आणि आयुष्याचा समतोल फार सुरेख साधलेला आहे. काम दिवसभर चालते आणि त्यातून वेळ उरला तर आयुष्य. माझी सून प्राची ऐरोलीच्या ज्या कंपनीत नोकरी करते, त्या कंपनीला तर या समतोलाची इतकी काळजी, की गेल्या श्रावणात त्यांनी त्यावर दिवसभराचे शिबिर घेतले. अर्थातच रविवारी. उपस्थिती सक्तीची होती. शिबिराहून येताना प्राचीने एक इवलेसे झाड आणले. त्याला रोज प्रेमाने पाणी घातले की मन शांत होते, असे तिला सांगण्यात आले होते. पाणी अर्थात मी घालते. तिला वेळ कुठला?

माझा मुलगा प्रसाद हाही याच जातीचा. गौरी आणण्याच्या दिवशी त्याने दाढदुखीची रजा टाकली, कारण दाढ ही साहेबांना समजणारी गोष्ट आहे, गौरी नाही. आणि रजा टाकून हा सकाळी दहा वाजता वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली सोवळे अशा वेषात लॅपटॉपसमोर बसून तिमाहीच्या आकड्यांवर बोलत होता. दाढ अजिबात दुखत नव्हती.

तरीही त्या सकाळी घरातली खरी चिंता प्राचीची होती. तिचे वरिष्ठ, श्यामसुंदर सर, तिच्या गळ्यात अमेरिकेचे काम बांधू पाहत होते. रोज रात्री आठपासून उत्तररात्रीपर्यंत, वर्षभर. आमची जाई अवघी सहा वर्षांची. ती शाळेत असेल तेव्हा आई झोपलेली असणार आणि ती झोपेल तेव्हा आई अमेरिकेत. होकार दुपारपर्यंत हवा होता. मला 'हवा होता' हा शब्दप्रयोग विशेष आवडला. नकाराची त्यांनी सोयच ठेवलेली नव्हती.

निघण्यापूर्वी तबक पुसता पुसता प्राची म्हणाली, "आई, मला नकोय ते काम. पण सरांनी विचारलं की माझ्या तोंडून 'हो' निघून जातं. विचार नंतर सुरू होतो."

मी तिला म्हटले, की सासूने काही सांगितले की मात्र तुझा विचार आधी सुरू होतो, हे कसे? ती हसली, पण तिचे डोळे काही हसले नाहीत.

आमच्याकडे खड्यांच्या गौरी. घरच्या सुनेने पाणवठ्यावर जायचे, सात खडे तबकात घ्यायचे, तोंडात पाण्याची चूळ धरायची आणि घरचा उंबरठा ओलांडून गौर जागेवर बसेपर्यंत ती गिळायची नाही, टाकायची नाही. बरोबर चालणाऱ्यानेही तोंडातून अक्षर काढायचे नाही. गावी यासाठी नदी होती. इथे करावे गावचा तलाव आहे आणि त्याच्या काठाला मायबाप सरकारने इतके देखणे काँक्रीट घातले आहे, की एक खडा सापडायला महत्प्रयास पडतात. आम्ही काठच्या एका झाडाच्या आळ्यातून सात खडे वेचले. देवीची हरकत दिसली नाही.

चूळ भरण्याआधी प्राचीने आपला फोन माझ्या हातात दिला. सरांचा आला तर वाजू द्या, घरी पोहोचल्यावर मी करीन, असे तिने बजावले. मग चूळ भरली, पदराखाली तबक धरले आणि आम्ही दोघी निघालो.

कोपऱ्यावरच्या केळीवाल्यापर्यंत पोहोचलो आणि फोन वाजला. तो वाजू द्यायचा, हे तिनेच सांगितलेले. पण दुसऱ्या घंटेला तिची पावले अडखळली आणि तिसऱ्या घंटेला तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू घराला आग लागली आहे आणि बादली माझ्या हातात आहे. हनुवटीने खूण करून तिनेच मला तो उचलायला लावला. बोलता येत नसताना फोन उचलायचा, ही बुद्धी नोकरदार माणसालाच सुचू शकते. मी उचलला. पोळ्या लाटताना बोलता यावे म्हणून तिचा फोन नेहमी मोठ्या आवाजावर लावलेला असतो. त्यामुळे श्यामसुंदर सर माझ्या तळहातातून खणखणीत बोलू लागले.

"प्राची, मग तुझं नाव पाठवू ना?"

तिचे गाल फुगलेले, डोळे विस्फारलेले. मी तर न बोलायला बांधीलच होते. शेजारून रिक्षा भोंगा वाजवत गेली, तेव्हा लाइन चालू आहे याबद्दल सरांना शंका उरण्याचे कारण नव्हते.

थोडे थांबून ते म्हणाले, की रोज रात्री जड जाईल हे त्यांना कळते, तर शनिवार काढून टाकू. आम्ही चालत राहिलो. मग म्हणाले, बरे, आठवड्यातून चारच दिवस. आम्ही रस्ता ओलांडला. हातातल्या तबकामुळे एका गाडीवाल्याने गाडी थांबवून आम्हाला वाट दिली, आणि तेवढ्यात सर तीन दिवसांवर आले. भाजी मंडईत मी आयुष्यभर घासाघीस केली आहे; पण तोंड न उघडता भाव इतका भराभर उतरताना मी प्रथमच पाहत होते.

"तू चिडली आहेस का?" त्यांचा आवाज एकदम मवाळ झाला. "हे बघ, तुझी मुलगी लहान आहे, मला माहितीये. काय नाव तिचं... जुई ना?"

प्राचीच्या हातातले तबक हलले. तेवढा एकच क्षण मला वाटले, की आता ही चूळ टाकून बोलणार आणि बोलली तर सवयीने 'हो सर'च बोलणार. मी तिच्या कोपराला हात लावला. ती चालू लागली.

शेवटी सर म्हणाले, की घाई नाही, सावकाश विचार करून सांग. आणि त्यांनीच फोन ठेवला.

दारात प्रसादने लॅपटॉपला दोन मिनिटांची सुटी देऊन बायकोचे पाय दुधापाण्याने धुतले. ती दोन मिनिटे हाच त्याच्या दिवसभरातला एकमेव उपयुक्त आकडा. जाईने हळदीकुंकवाची बोटे ओढली, गौर घरभर फिरून पाटावर बसली. प्राचीने तुळशीत चूळ टाकली, तोंड पुसले आणि फोन मागितला. मी म्हटले, आधी चहा घे. ती नको म्हणाली. चहा घेतला तर धीर जाईल, असे तिचे म्हणणे.

आम्हा सर्वांच्या देखत तिने फोन लावला.

"सर, तीन दिवसही नाही. रात्रीचं काम मी घेणार नाही. दिवसाचं माझ्याकडे आहे ते करीन."

पलीकडून मोठा सुस्कारा ऐकू आला. ते म्हणाले, हे मघाशीच सांगितले असतेस तर बरे झाले असते. आणि पुढे, टीममध्ये याचा वेगळा अर्थ घेतला जाईल, हे लक्षात ठेव. एरवी इथे प्राचीने दहा सबबी, वीस क्षमा आणि एक होकार दिला असता. ती काहीच बोलली नाही. माझ्याकडेही पाहिले नाही. पाटावरच्या खड्यांकडे पाहत उभी राहिली. पलीकडे सरांनी खाकरून घेतले, पाहू म्हणाले आणि मग, "ठीक आहे, सुमेधाला विचारतो," असे म्हणून मोकळे झाले. सुमेधाच्या घरी गौरी कोणत्या असतात, कोण जाणे.

"माझं नाव जुई नाही," जाईने आईला बजावले. ती बातमी तिच्यापर्यंत कोणी पोहोचवली, हे मी सांगणार नाही.

घरात असा विजय झाला की तो योग्य रीतीने साजरा व्हायला हवा, या मताची मी आहे. म्हणून तिथेच मी दुसऱ्या दिवशीच्या नैवेद्याची आखणी जाहीर केली. पहाटे चारला उठायचे, सोळा भाज्या, पुरण, घावन, घाटले, आणि करंज्या घरीच. विकतचे आमच्या देवीला चालत नाही.

प्राची माझ्याकडे पाहत उभी राहिली. तोंडात पाणी नव्हते, तरीही ती बोलली नाही.

पाचला उठले तरी चालेल, मी म्हटले. भाज्या काय, सगळ्या एकत्र केल्या तरी सोळाच मोजल्या जातात. मग मी म्हटले, की पुरण वाटायला प्रसाद आहे, नाहीतरी त्याची दाढ बरी आहे. प्रसादने लॅपटॉपमागून मान वर केली आणि खाली घातली. प्राची अजूनही उभीच.

"बरं," मी म्हटले, "करंज्या सानपाड्याच्या त्या बाईंकडून मागव. चांगल्या करतात म्हणे."

"हो, आई," प्राची म्हणाली आणि जाईला जवळ घेऊन खाली बसली.